हा बर्गर पार्सल मिळत नाही (दारव्हा रस्ता, यवतमाळ जिल्हा)

बोंडवाला
शनिवार, रात्री ९:१०

दारव्ह्याहून यवतमाळकडे निघालं की रस्त्याला लागून एक लहान हॉटेल आहे. नाव लिहीत नाही, मालकाला विचारलेलं नाही. सहा टेबलं, वर टिनाचं छत, बाहेर कडुलिंब. आधी तिथे पोहे-समोसे मिळायचे. आताचा मालक आठ वर्षं पुण्यातल्या एका हॉटेलच्या किचनात होता. परत आल्यावर त्यानं काउंटरमागे बोटभर जाडीचा लोखंडी तवा बसवला आणि मटनाचा बर्गर करायला लागला. मी आजवर खाल्लेल्या चांगल्या गोष्टींत हा बर्गर फार वर आहे. म्हणून हा धागा.

डिसेंबरात कापूस घेऊन जिनिंगवर गेलो होतो, सोबत बाबा. सकाळी सातला नंबर लावला, दुपारी दोनला गाडी काट्यावर चढली. ओलावा मोजणं, भाव ठरणं, पावती, सगळं होईतो चार वाजले. सकाळची भाकर केव्हाच जिरली होती. परतताना ह्या हॉटेलापुढे गाडी थांबवली ती चहासाठी. आत मात्र खिमा तव्यावर पडल्याचा वास येऊन राहिला होता. बाबा म्हणाले, "मटन करून राहिला वाट्टे."

मी उभा राहून सगळं पाहिलं. मालकानं लाडवाएवढा खिम्याचा गोळा उचलला, तव्यावर ठेवला आणि सपाट उलथन्यानं एकदाच जोरात दाबला. मीठ घातलं ते तेव्हा, वरून, चिमटीनं. मग हात लावला नाही. दोन मिनिटांत कडा तपकिरी झाली, पापडासारखी जाळी धरली. एकदा उलटवला, वर चीजची स्लाइस, त्यावर पातेल्याचं झाकण. बाजूला पाव मधून कापून लोण्यात भाजायला टाकला होता. खाली पत्ताकोबी, मग खिम्याची टिक्की, पातळ कांदा, टमाटरची एक चकती, भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा घातलेलं पांढरं सॉस एक चमचा. बस. शहरात बर्गरवर तीन-तीन सॉसं ओततात आणि मग मटन कुठे आहे ते शोधावं लागतं. इथे पहिल्या घासाला मटन लागतं, मागून मिरची येते.

बाबांचं वय बहात्तर. त्यांनी आधी वरचा पाव उचलून आत पाहिलं, परत ठेवला आणि भाकर मोडतात तसा मोडायला गेले. मालक तव्यापासूनच बोलला, "काकाजी, मोडू नका, दोन्ही हातानं धरा. रस जाते त्याचा." बाबांनी दोन्ही हातांनी धरला. पहिला घास खाऊन ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोरडं नाही लागत गा. मले वाटलं पाव म्हणजे कोरडाच." बोटांवर उतरलेला रस त्यांनी पावाच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून खाल्ला. वाटीतला रस्सा ते भाकरीनं असाच पुसतात.

निघताना मी दोन पार्सल मागितले, बायको आणि पोरीसाठी. गाव चौदा किलोमीटर. मालक म्हणाला, "पार्सल नाही देत भाऊ. घेऊन या त्यायले." मला राग आला. दिवसभर रांगेत उभं राहून आलेला माणूस, पैसे रोख देऊन राहिला, आणि हा नाही म्हणतो. मी काही न बोलता निघालो.

पुढच्या इतवारी चौघंही गेलो. पोरगी बारा वर्षांची आहे. तिनं आजोबांना धरायचं कसं ते दाखवलं आणि आजोबांनी ते तिच्याकडून परत शिकून घेतलं. बायकोनं अर्धा खाल्ल्यावर मालकाला विचारलं की खिम्यात आलं-लसूण आहे का. तो म्हणाला, नाही ताई, फक्त मटन आणि चरबी, मीठ तव्यावर. ती मला म्हणाली, "घरी नेला असता तर हे असं लागलं नसतं." तेव्हापासून महिन्यातून एकदा जातो.

हा माणूस बरोबर करतो असं आता मला वाटतं. तुमचं मत सांगा. आणि तुमच्या भागात असं काही असेल तर तेही लिहा.


वणीकर
शनिवार, रात्री ९:४८

वर्णन वाचून भूक लागली. पण भाव काय? खेड्यातला माणूस बर्गरला किती देणार? आमच्या इकडे तर्री-पोहे तीस रुपयांत पोट भरतात.


बोंडवाला
शनिवार, रात्री ९:५५

१९० रुपये. मलाही पहिल्यांदा जास्त वाटला. पण आमच्याकडे मटन ८०० रुपये किलो आहे, तेही हाडासकट. टिक्कीत हाड नाही, शंभर ग्रॅमच्या वर मटन आहे, वर चीज, लोणी, पाव. त्याला फार सुटत असेल असं वाटत नाही. रोजचं खाणं नाहीच हे. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मटन आणतो तेव्हा भाव विचारून परत येतो का आपण?


परतवाड्याची
शनिवार, रात्री १०:३०

मला तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट जास्त भावली. तुमच्या मिसेस हॉटेलात बसून, दोन्ही हातांनी धरून खाऊ शकल्या आणि मालकाशी सरळ खिम्याबद्दल बोलल्या. आमच्याकडे तालुक्याच्या गावी मटन मिळणारं हॉटेल म्हणजे पडदे लावलेलं, आत दारू चालू, बायका आत जात नाहीत. मटन बायकांनीच रांधायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसायचं, तोवर रस्सा थंड. मी लग्नानंतर अकरा वर्षांनी पहिल्यांदा दुसऱ्या कुणी रांधलेलं गरम मटन खाल्लं, तेही अमरावतीला, नणंदेच्या घरी. म्हणून विचारते, तिथे बायका-पोरी बसलेल्या दिसतात का? हात धुवायला, जायला-यायला सोय आहे का?


बोंडवाला
शनिवार, रात्री १०:४१

ताई, हो. दारू नाही, पडदा नाही, तवा दारातच आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा कॉलेजच्या चार पोरी बसल्या होत्या, वह्या टेबलावर. संडास-बाथरूम मागे आहे, स्वच्छ आहे. हे मी आधीच लिहायला पाहिजे होतं.


आर्वी_ते_पुणे
रविवार, सकाळी ८:१५

लेख छान, पण पार्सलच्या मुद्द्यावर मी सहमत नाही, आणि कारण बर्गरच्या इतिहासातच आहे.

हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलं. डुकराच्या हॅमशी त्याचा संबंध नाही. हॅम्बुर्गच्या नावाचं खिम्याचं स्टेक जर्मन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत रुळलं. ते ब्रेडमध्ये पहिल्यांदा कुणी घातलं यावर तिकडे चार-पाच गावं भांडतात, पण ब्रेडमध्ये का घातलं हे उघड आहे: ताट-काटे न घेता, उभ्यानं, चालता चालता खाता यावं म्हणून. १९२१ साली कॅन्सास राज्यातल्या विचिटा गावात व्हाइट कॅसल हे बर्गरचं हॉटेल सुरू झालं. त्यांची जाहिरातच अशी होती की पिशवी भरभरून घेऊन जा. पुढे मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली सॅन बर्नार्डिनोतलं आपलं हॉटेल नव्यानं मांडलं. जेवणाची यादी कापून मोजकी ठेवली, वाढपी काढले, गिऱ्हाइकानं खिडकीतून घेऊन जायचं. म्हणजे बर्गर हे मुळात घेऊन जायचंच खाणं. वडापावसारखं. वडापाववाला कधी म्हणाला का, इथेच बसून खा?

भारतात १९९६ साली मॅकडोनाल्ड आलं तेव्हा त्यांनीही बीफ आणि पोर्क बाजूला ठेवलं, आणि आलूच्या टिक्कीचा बर्गरही काढला. जो तो आपल्या सोयीनं बदलतो. तुमच्या मालकानंही बदलायला हरकत नाही.


बोंडवाला
रविवार, सकाळी ९:०२

इतिहास माहीत नव्हता, धन्यवाद. पण चालता चालता खाणं म्हणजे तव्यावरून हातात, हातातून तोंडात. चौदा किलोमीटर डिक्कीत बंद होऊन येणं वेगळं.


मटनमार्केट_अकोला
रविवार, सकाळी ११:२०

मी ह्या धंद्यातला आहे, तिसरी पिढी. मालक पार्सल का देत नाही ते मला पहिल्या परिच्छेदातच समजलं. सांगतो.

अमेरिकेतला तो मूळ बर्गर गाईच्या मांसाचा. तुमचा हा बकऱ्याचा. फरक चरबीत आहे. बकऱ्या-मेंढ्याची चरबी कडक असते, लवकर गोठते. घरी मटन करता तेव्हा पाहा, रस्सा कोमट झाला की वर पांढरा थर धरतो, टाळूला चिकटतो. कोंबडीच्या रस्स्यावर तसा कडक थर येत नाही. गाईची चरबी दोन्हींच्या मधली. म्हणून मटनाचं जेवण आपल्याकडे वाफाळतं वाढतात आणि पहिल्या पंगतीला मान असतो. सावजीवाल्याला विचारा, थंड तर्री कुणी खात नाही.

आता बर्गरला चरबी लागतेच. साधारण चार भाग मांस, एक भाग चरबी. त्याहून कमी झाली तर टिक्की भुशासारखी होते. आपल्याकडची बेरारी शेळी अंगानं काटक, मांसात चरबी फार नसते. रानात फिरून खाणारं जनावर ते. म्हणजे हा माणूस चरबी वेगळी घालत असणार, बहुतेक गुर्द्याभोवतीची, ती शुभ्र आणि घट्ट असते. गरम असताना तीच वितळून रस होते, बाबा ज्याला "कोरडं नाही" म्हणाले ते हेच. अर्ध्या तासानं तीच चरबी मेणासारखी जमते. पार्सल दिलं तर गिऱ्हाईक घरी जाऊन म्हणेल, ह्याचा बर्गर काही खास नाही. त्याला ते ऐकायचं नाही.

मांस कुठलं घेतो ते विचारून सांगा. खांदा आणि मान असेल तर मी त्याला मानतो. मांडीचा खिमा दिसायला चांगला असतो, पण कोरडा पडतो.

अजून एक. मीठ तव्यावर घालतो हे तुम्ही लिहिलं, ते फार मोठं आहे. मीठ आधीच घालून मळलं की खिमा चिकट होतो, कबाबासारखा घट्ट धरतो. कबाबाला ते पाहिजेच. बर्गरच्या टिक्कीला नको, ती दाताखाली सुटी झाली पाहिजे.


आर्वी_ते_पुणे
रविवार, दुपारी १२:०५

चरबीचा हा फरक माझ्या ध्यानात नव्हता. आणि आता आठवलं, व्हाइट कॅसलची टिक्की अगदी पातळ, छोटी आणि कांद्यावर वाफवलेली असते, पावही वाफेनं मऊ केलेला. पिशवीत अजून थोडी वाफ धरली तर तिचं फार बिघडत नाही. तव्यावर कडा कुरकुरीत केलेल्या टिक्कीचं बिघडतं. तुलना करायला नको होती. मी माझं मत मागे घेतो.


भट्टीवाला
रविवार, दुपारी १:३५

पावाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आमची लाकडाची भट्टी आहे, वडील पाव-खारी करायचे, मी आता बनही करतो.

मटनाइतकाच पाव महत्त्वाचा. साध्या पाववड्याच्या पावात पाणी, मैदा, मीठ, खमीर, थोडी साखर. तो रस लागला की विरघळतो आणि टिक्की हातात राहते. बर्गरच्या बनात दूध, लोणी आणि जमलं तर अंडं पाहिजे, म्हणजे तो मऊ राहूनही धरून राहतो. कापलेली बाजू लोण्यात भाजतात ती नुसती चवीसाठी नाही. भाजलेल्या थरातून रस हळू आत जातो, तोवर खाऊन होतं. आणि गरम बर्गर कागदात गुंडाळून डब्यात बंद केला की वाफ बाहेर जात नाही, तीच पाणी होऊन पावावर पडते. दहा मिनिटांत वरचा पाव ओला फडका.

उरलेले बन फ्रिजमध्ये ठेवू नका, कुणीही. पाव फ्रिजात बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, कडक होतो. ठेवायचाच असेल तर एकदम बर्फाच्या कप्प्यात, नाहीतर कापडात गुंडाळून डब्यात, दुसऱ्या दिवशी संपवा.

बोंडवाला, तुमचा मालक बन कुठून आणतो?


बोंडवाला
सोमवार, रात्री ८:२०

आज मुद्दाम वाट वाकडी करून गेलो आणि विचारून आलो.

बन गावातल्याच बेकरीतून. बेकरीवाले चाचा सकाळी पाव काढतात, दुपारी भट्टी थोडी उतरली की ह्याच्यासाठी पन्नास बन वेगळे लावतात, दूध-लोण्याचे. अंडं नाही, कारण काही गिऱ्हाईकं बन नुसतेच नेतात आणि त्यांना अंडं चालत नाही. बन संपले की बर्गर बंद. पन्नासच्या वर करत नाही.

मटन खांदा आणि मान. मटनमार्केट भाऊ, तुमचं नाव नाही सांगितलं, पण अकोल्याचे एक जण असं म्हणाले एवढं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "त्यायले घेऊन या एक दिवस." चरबी गुर्द्याचीच. खिमा मशीनवर नाही, सत्तुरानं ठोकळ्यावर, रोज दुपारी तीनला. मशीनमध्ये मटन गरम होतं आणि चरबी लिंपल्यासारखी होते, असं त्याचं म्हणणं.


डॉक्टर_मोर्शी
सोमवार, रात्री ९:१५

खिमा त्याच दिवशी करतो हे वाचून बरं वाटलं. अखंड मांसाच्या तुकड्यावर जंतू असले तरी ते बहुतांशी वरच्या पृष्ठभागावर असतात, भाजताना मरतात. खिमा केला की वरचं आत मिसळतं. म्हणून खिम्याची टिक्की आतपर्यंत शिजली पाहिजे. मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस हे प्रमाण अमेरिकेतही सांगतात. ह्या मालकाची दाबून पातळ केलेली टिक्की त्या दृष्टीनं चांगली, आत कच्चं राहायला जागाच नाही. शहरात कुणी जाड टिक्की आत गुलाबी ठेवून देत असेल तर लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि म्हाताऱ्यांना देऊ नका.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. त्या दिवसांत कच्चा खिमा अर्धा तासही बाहेर राहता कामा नये.


माळकरी_घरातला
सोमवार, रात्री १०:०२

आमच्या घरी मांसाहार नाही. वाचायला मात्र सगळं वाचलं, कारण बाबांचा प्रसंग फार आवडला. शाकाहारी माणसानं त्या हॉटेलात जावं का?


बोंडवाला
सोमवार, रात्री १०:१५

जावं. श्रावणात तो मटन बंद ठेवतो आणि बरबटीच्या (चवळीच्या) टिक्कीचा बर्गर करतो. बरबटी रात्रभर भिजवून जाडीभरडी वाटतो, आपल्या वड्यांसारखीच. त्यात सांबार (कोथिंबीर), हिरवी मिरची, जिरं. तळत नाही, तव्यावरच तेल सोडून दोन्ही बाजू खरपूस करतो. मागच्या श्रावणात गेलेले लोक सांगतात की चांगला होता. मी अजून खाल्लेला नाही, त्यामुळे जास्त सांगत नाही. तवा मात्र तोच असतो, तेवढं आधी विचारून घ्या. तो खोटं बोलणार नाही.


माळकरी_घरातला
सोमवार, रात्री १०:२०

तव्याचं सांगितलंत ते बरं केलं. आईला चालणार नाही. मी एकटा जाऊन पाहीन.


दिग्रसकडचा
मंगळवार, सकाळी ६:५०

मला ह्या धाग्यावर थोडं वेगळं सांगायचं आहे. रात्रभर विचार करून लिहितो.

माझी आई दोन वर्षांपासून अंथरुणावर आहे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण चालणं परत आलं नाही. दिग्रसच्या पुढे आमचं गाव, तुमच्या हॉटेलापासून गाडीवर पाऊण तास. आईला आयुष्यभर मटनाची आवड. आता जेवण कमी झालं आहे. भात-वरण दोन घास, मग ताट सारते. काल रात्री मी तिला हा धागा वाचून दाखवला. बाबांनी पाव भाकरीसारखा मोडायला घेतला ते ऐकून ती म्हणाली, "मीही तसाच मोडला असता." मग म्हणाली, "आणशीन का?"

आता मी तिला काय सांगू? चरबी गोठते, पाव भिजतो, सगळं समजलं. पण जो माणूस येऊच शकत नाही, त्याला "घेऊन या" म्हणणं मला बरं वाटलं नाही. मालकाचा नियम चवीसाठी आहे हे मान्य. तरी नियम कुणावर पडतो हे पण पाहिलं पाहिजे.


परतवाड्याची
मंगळवार, सकाळी ७:३०

दादा, हे वाचून गप्प झाले. तुमचं बरोबर आहे. मालकाला फोन करून नीट सांगा. माणूस वाईट वाटत नाही.


मटनमार्केट_अकोला
मंगळवार, सकाळी ८:४०

दिग्रसवाले भाऊ, शिजवलेला नेऊ नका. कच्चं न्या. तो पार्सल देत नाही ते शिजवलेल्याचं. कच्ची टिक्की, बन, चीज, कांदा, ठेचा वेगळं वेगळं द्यायला त्याला अडचण नसावी. सध्या थंडी आहे, डब्यात खाली-वर बर्फ ठेवा, पाऊण तासाला काही होत नाही. डॉक्टरसाहेब, बरोबर ना?

घरी लोखंडी तवा घ्या, भाकरीचा चालतो, खोल नको. तवा इतका तापवा की पाण्याचा थेंब नाचला पाहिजे. तेल जवळजवळ नको, चरबी सुटते. गोळा ठेवल्यावर लगेच दाबायचं, पहिल्या अर्ध्या मिनिटात. त्यानंतर दाबलं तर रस बाहेर जातो. आईसाठी कडा फार कुरकुरीत करू नका.


डॉक्टर_मोर्शी
मंगळवार, सकाळी ९:१०

बर्फात नेला तर हरकत नाही. घरी पोचताच लगेच करा, फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी नको. आईंना बीपीच्या गोळ्या असतील तर मीठ आणि चीज बेतानं. आणि लहान घास, बसवून, पाठीला आधार देऊन. आडव्या माणसाला असं काही भरवू नका.


भट्टीवाला
मंगळवार, सकाळी ९:४५

बन घरी नेऊन कापा, तिथून कापून आणू नका. कापलेली बाजू वाऱ्यानं सुकते. आणि टिक्की तव्यावर टाकायच्या आधी बन भाजून ठेवा, मागून नाही. टिक्की झाली की तिनं थांबायला नको.


बोंडवाला
मंगळवार, रात्री ९:००

दिग्रसकर भाऊ, धागा काढताना मी माझाच विचार केला होता, माझी माणसं चालतीफिरती आहेत. तुमच्या आईचं वाचून मी मालकाला फोन केला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "शनिवारी दुपारी साडेतीनले पाठवा त्यायले. खिमा तेव्हाच ठोकलेला रायते." पैशाचं मी विचारलं नाही, तुम्ही बोला.


दिग्रसकडचा
रविवार, रात्री १०:५०

सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून आत्ताच लिहितो, झोप येत नाही.

काल साडेतीनला पोचलो. मालकानं चार गोळे केळीच्या पानात वेगवेगळे बांधून दिले, म्हणाला दोन करताना बिघडले तर दोन राहतील. बर्फ त्यानंच डब्यात भरला. ठेच्याचं सॉस वाटीत, चीज वेगळं. पैसे घेतले ते फक्त दोनचे, पुढे बोलू दिलं नाही. निघताना विचारलं, आईचे दात आहेत का. मी म्हटलं, वरचे चार-पाच. तर त्यानं दोन गोळे परत ठोकळ्यावर घेऊन अजून बारीक केले.

पहिला बिघडला. तवा पुरेसा तापला नव्हता, खिमा चिकटला, उलटवताना तुकडे झाले. ते तुकडे पोरांनी उभ्याउभ्या संपवले. दुसरा जमला. मटनमार्केट भाऊ म्हणाले तसं थेंब नाचेपर्यंत थांबलो, दाबला आणि हात मागे घेतला. घरभर तो वास. आई आतूनच म्हणाली, "आता उलटव." वासावरून तिला समजलं. आणि खरंच तीच वेळ होती.

तिला उशांना टेकवून बसवलं. चार तुकडे केले, रस गेला थोडा, पण दोन्ही हातांनी धरणं तिला जमत नाही. पहिला तुकडा मी भरवला, दुसरा तिनं स्वतः उचलला. तिसराही. ठेचा कमी आहे म्हणाली. दोन वर्षांत तिनं कशात काही कमी आहे असं म्हटलं नव्हतं, जे दिलं ते गिळलं. मी वाटीतला अजून लावून दिला.

चौथा तुकडा म्हणाली, झाकून ठेव, रात्री खाईन. मी सांगितलं, आई, थंड झाला की चरबी जमते, चांगला लागणार नाही. "मग तू खा," म्हणाली, "पण माझ्यासमोर खा." खाटेच्या कडेला बसून खाल्ला.


परतवाड्याची
रविवार, रात्री ११:०५

आईंना माझा नमस्कार सांगा.


मटनमार्केट_अकोला
सोमवार, सकाळी ७:१५

तवा आधी तापवायला पाच मिनिटं जास्त द्या पुढच्या वेळी, चिकटणार नाही. आणि पान केळीचं दिलं ते पाहून समाधान वाटलं, पिशवीत दिलं असतं तर गोळा दबून घट्ट झाला असता.


वणीकर
सोमवार, सकाळी ८:००

मी ह्या इतवारी घरच्यांना घेऊन जातो. किती वाजता पोचावं? बन पन्नासच असतात म्हणाले.


बोंडवाला
सोमवार, सकाळी ८:१२

चारच्या आत पोचा. इतवारी साडेसहापर्यंत संपतात. मंगळवारी बंद. म्हातारं कुणी सोबत असेल तर तव्याजवळच्या टेबलावर बसा, तिथून गरम ताट लवकर येतं.